बल, वस्तुमान अन् गती: पोट्टे आणि त्यांचे मायबाप दरवर्षी विचारतात ते प्रश्न

यवतमाळकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. बल-गतीचा धडा सुरू झाला की रात्री जेवणं आटोपल्यावर व्हॉट्सअपवर व्हॉईस मेसेज सुरू होतात, अर्धे पोट्ट्यांचे, अर्धे त्यांच्या बापाचे, अन् दरवर्षी तेच ते. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. प्रश्न त्यांच्याच शब्दात आहेत, सोप्यापासून अवघडाकडं, आणि एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मॅडम, बल म्हणजे ताकदच ना? मग वेगळा शब्द काहून?

ताकद पैलवानाच्या अंगात असते, तो झोपला तरी आपण त्याला ताकदवानच म्हणतो. बल तसं नाही. बल म्हणजे ढकलणं नाहीतर ओढणं, तेही त्या वेळेपुरतं, आणि नेहमी दोन वस्तूंच्या मधात. हापशीचा दांडा दाबला तोपर्यंत हात आणि दांडा यांच्यात बल आहे, हात सोडला की संपलं. बलानं थांबलेली वस्तू चालायला लागते, चालती थांबते, तिची चाल किंवा दिशा बदलते, नाहीतर आकार बदलतो (भाकरीचा उंडा थापताना आई हेच करते). मोजायचं एकक न्यूटन. १०० ग्रॅमचं छोटंसं संत्रं तळहातावर ठेवा, हात खाली दबतो तो साधारण १ न्यूटननं.

२. भिंतीला पूर्ण जोर लावला, भिंत हललीच नाही. मग बल लागलं की नाही?

लागलं ना. फक्त भिंतीचा पाया तिला तेवढ्याच बलानं उलट बाजूनं धरून आहे, दोन्ही मिळून बेरीज शून्य. रस्सीखेचमधे दोन्ही पार्ट्या तोडीस तोड असल्या की दोर जागचा हलत नाही, पण हाताची सालटं निघतातच, तसं. टेबलावरचं पुस्तकही असंच आहे, पृथ्वी खाली ओढते, टेबल वर रेटतो. "वस्तू स्थिर आहे म्हणजे तिच्यावर बलच नाही" असं पेपरात लिहू नका, दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो.

३. बलाचे प्रकार किती? पाठ होत नाही.

सहा लक्षात ठेवा. बैल ओढतो ते स्नायू बल, ट्रॅक्टर ओढतो ते यांत्रिक, बोर झाडावरून पडते ते गुरुत्वीय, चुंबक खिळा ओढतो ते चुंबकीय, ब्रेक लावल्यावर चाक थांबते ते घर्षण, आणि केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ते स्थितिक विद्युत बल. गुरुत्वीय, चुंबकीय आणि स्थितिक विद्युत ही तीन हात न लावता लागतात. झालं.

४. वस्तुमान आणि वजन, दोन्ही किलोतच सांगतात, मग फरक काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि चूक पोरांची नाही, बाजारात सगळेच वजन किलोत सांगतात आणि त्यानं कोणाचं काही अडत नाही. पण विज्ञानाच्या पेपरात अडते.

युरियाची ४५ किलोची बॅग घ्या. ४५ किलो हे तिचं वस्तुमान, म्हणजे आत माल किती भरलाय ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या मालाला किती बलानं खाली ओढते ते, आणि वजन हे बल असल्यामुळं न्यूटनमधे मोजतात. एका किलोला पृथ्वी ९.८ न्यूटननं ओढते, मग बॅगचं वजन ४५ गुणिले ९.८, म्हणजे ४४१ न्यूटन. आता तीच बॅग चंद्रावर नेली तर दाणा एक कमी झाला नाही, वस्तुमान ४५ किलोच, पण चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी, त्यामुळं वजन राहते साधारण ७३ न्यूटन. तिथं तिसरीतलं पोट्टंसुद्धा ती बॅग उचलेल.

पण पुढचं ऐका. तीच बॅग कोणी तिथं जोरात तुमच्याकडं सरकवून दिली आणि तुम्ही छातीनं अडवायला गेले तर धक्का इथल्याइतकाच बसणार, कारण थांबवायला लागणारा जोर वस्तुमानावर असतो, वजनावर नाही. एवढं समजलं की वस्तुमान समजलं.

५. मग काटा काय मोजतो, वजन की वस्तुमान?

काट्यावर आहे. दोन पारड्यांचा तराजू एका बाजूच्या मापाशी दुसऱ्या बाजूचा माल ताडून पाहतो, चंद्रावर दोन्हीकडची ओढ सारखीच कमी होते, म्हणून तिथंही तो बरोबर सांगेल. म्हणजे त्यानं वस्तुमान कळते. स्प्रिंगचा ताणकाटा मात्र ओढच मोजतो, तो चंद्रावर ६ किलोला १ किलो दाखवेल. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही आतून दाबच मोजतो, फक्त तो आकडा किलोत करून दाखवतो. पृथ्वीवरही ओढ सगळीकडं अगदी सारखी नाही, विषुववृत्तावर थोडी कमी आणि ध्रुवावर थोडी जास्त, फरक साधारण अर्धा टक्का. इकडच्या बाजारात त्यानं काही बिघडत नाही.

६. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?

सारखेच, एक किलो म्हणजे एक किलो. कापूस जास्त जागा घेतो म्हणून हलका वाटतो, ती घनतेची गोष्ट.

आता बापलोकांसाठी, कारण एका भाऊंनी यावरून पानठेल्यावर पैज लावली होती. बारीक पाहिलं तर फरक आहे. विहिरीत बादली पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते तसं हवाही प्रत्येक वस्तूला थोडंसं वर उचलते, जेवढी जागा वस्तूनं घेतली तेवढ्या प्रमाणात. धाग्यांच्या मधातली पोकळी धरायची नाही, तिथं हवाच आहे, पण नुसता धागा धरला तरी एक किलो कापूस लोखंडाच्या पाचपट जागा घेतो. त्यामुळं काट्यानं दोन्हीकडं बरोबर एक किलो दाखवलं तर खरं वस्तुमान कापसाचं अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर जास्त निघते. पोट्ट्यांनी पेपरात "सारखेच" लिहायचं.

७. चाल आणि वेग यात गोंधळ होते.

चाल म्हणजे किती अंतर किती वेळात. वेग म्हणजे चाल, वरून दिशा. शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) निकाल सेकंदावर लागतो, समजा एका जोडीनं १०० मीटर ८ सेकंदात मारले, तर चाल १२.५ मीटर प्रति सेकंद, त्याला ३.६ नं गुणलं की ताशी ४५ किलोमीटर. ही सरासरी झाली, सुटताना जोडी हळू असते आणि शेवटाकडं सुसाट. अजून एक, घरून शाळेत आणि शाळेतून परत घरी आलात तर चाललेलं अंतर दोन किलोमीटर असू शकते पण विस्थापन (निघाले तिथून पोचले तिथपर्यंतचं सरळ अंतर) शून्य, कारण निघाले तिथंच पोचले.

८. बसमधून झाडं मागं पळताना दिसतात. झाडाला गती आहे की नाही?

रस्त्याच्या कडेला उभ्या माणसासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. गती नेहमी कशाच्या तरी मानानं सांगावी लागते. बाजूला बसलेली आजी तुमच्या मानानं स्थिर आणि रस्त्याच्या मानानं ताशी ५० नं चाललीय. आता आपण सगळेच पृथ्वीसोबत फिरतोय, विदर्भातलं कोणतंही गाव ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर पूर्वेकडं पळतेय, तरी चहा सांडत नाही कारण कप, चहा, हवा, आपण, सगळे त्याच वेगात आणि वेग एकसारखा. धक्का जाणवतो तो वेग बदलला तर (प्र. ९).

९. एसटीनं ब्रेक मारला की आपण समोर फेकल्या जातो. मागून कोण ढकलते?

कोणीच नाही. बस थांबली, पाय बसच्या फरशीला टेकलेले म्हणून तेही थांबले, वरचं अंग मात्र आधीच्याच वेगात पुढं चाललंय. याला जडत्व म्हणतात, वस्तू आहे तसंच चालू ठेवायला पाहते. बस एकदम सुटली की मागं पडतो, डावीकडं वळली की उजवीकडं झुकतो, गोष्ट एकच.

गंमत पाहायची असेल तर जत्रेतला गॅसचा फुगा हातात धरून बसा. ब्रेक मारल्यावर सगळे समोर आणि फुगा मागं! कारण बसमधली हवाही समोर दाटते आणि ती फुग्यापेक्षा जड, ती फुग्याला मागं रेटते. माझाही पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

१०. बैलानं ओढणं सोडलं की बंडी थांबते. म्हणजे गती चालू ठेवायला बल लागतेच ना?

हा प्रश्न नीट समजला तर बाकीचा धडा आपोआप सुटतो, म्हणून इथं थोडं बसा.

उत्तर आहे नाही, लागत नाही. पण वाटते तसंच, आणि वाटणारे तुम्ही पहिले नाही, २३०० वर्षांआधी ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटललाही तसंच वाटत होतं आणि पुढं कित्येक शतकं शहाण्या माणसांनी ते मानलं. गॅलिलिओनं ते खोडलं आणि न्यूटननं १६८७ साली नियम करून मांडलं: बल लागते गती बदलायला, नुसती चालू ठेवायला नाही. बंडी थांबते कारण तिला घर्षण थांबवते, चाक आणि माती, आख आणि चाक, घासणं सगळीकडं चालूच असते. बैलाची मेहनत त्या घर्षणाला तोंड देण्यात जाते.

घरी करून पाहा. तान्हा पोळ्याचा चाकं लावलेला लाकडी नंदी घ्या. हातानं ढकलू नका, दरवेळी जोर बदलतो, एक फळी तिरपी टेकवा आणि तिच्या टोकावरून नंदी सोडा, म्हणजे खाली येतानाचा वेग प्रत्येकवेळी सारखा. आमच्या वर्गानं केलं तेव्हा वाळूत तो हातभर जाऊन रुतला, सारवलेल्या अंगणात पाच-सहा पावलं गेला, आणि शाळेच्या फरशीवर थेट भिंतीला धडकला. नंदी तोच, फळी तीच, खालची जमीन बदलली. आता मनातल्या मनात फरशी अजून गुळगुळीत करा, अजून, अजून, शेवटी घर्षण शून्यच केलं तर नंदी थांबेल कुठं? गॅलिलिओनंही असंच तिरप्या फळीवरून गोळे सोडून सोडून हे काढलं.

अशी जागा खरंच आहे, अंतराळ. १९७७ ला सोडलेलं व्हॉयेजर १ यान आजही सेकंदाला जवळपास १७ किलोमीटरनं दूर चाललंय, आणि त्याला पुढं ढकलत राहणारं इंजिन चालू नाही.

११. मग घर्षण वाईटच म्हणायचं?

आखाला वंगण घालताना वाईट, ब्रेक मारताना देव. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यानं चालून पाहा, पाय घसरतो तेव्हा समजते की चालणंही घर्षणामुळंच होते. पाय माती मागं रेटतो आणि घर्षण आपल्याला पुढं ढकलते, म्हणजे "घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध" हे पाठ केलेलं वाक्यही अर्धंच खरं आहे. घर्षण घासण्याच्या विरुद्ध असते, जाण्याच्या विरुद्ध असेलच असं नाही. प्र. १५ ला हे कामी येणार. आणि जितका दाब जास्त तितकं घर्षण जास्त, शंका असेल तर रिकामं पोतं ओढून पाहा अन् मग भरलेलं.

१२. रिकामी ट्रॉली आणि कापसानं भरलेली ट्रॉली, कोणती आधी थांबते?

रिकामी. थांबवायचं बल तेवढंच आणि वस्तुमान जास्त असेल तर वेग हळूहळू कमी होतो, हा न्यूटनचा दुसरा नियम: बल = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते). बहुतेक ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, ब्रेक ट्रॅक्टरला, त्यामुळं उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच मागून रेटते. कापसाच्या ढिगावर बसून जिनिंगला जायची हौस सगळ्या पोट्ट्यांना असते, मलाही होती, पण नका बसू.

यातली मेख: एकाच गाडीची सगळी चाकं ब्रेकनं जाम होऊन घासत चालली, तर भरलेली आणि रिकामी जवळपास सारख्याच अंतरात थांबते. वस्तुमान दुप्पट तर दाब दुप्पट, घर्षणही दुप्पट, हिशोब बरोबरीत सुटतो.

१३. जड वस्तू लवकर पडते, हे तर डोळ्यानं दिसते. तुम्ही नाही म्हणता!

गोटा आणि लिंबाचं पान सोडलं तर गोटाच आधी पडणार, खरं आहे. पण ते पानाला हवा अडवते म्हणून. वही घ्या, तिच्यापेक्षा लहान कागदाचा तुकडा घ्या, दोन्ही वेगवेगळे सोडा, कागद डुलत डुलत येईल. आता तोच तुकडा वहीच्या वर ठेवून वही सपाट सोडा. दोन्ही सोबत. हवा अडवायचं काम वहीनं केलं आणि कागदाची सबब संपली.

१९७१ मधे अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोबतच सोडलं. तिथं हवा नाही, दोन्ही एकदमच जमिनीला टेकले. कारण प्र. १२ सारखंच: जड वस्तूला ओढ जास्त, पण तिला हलवणंही तेवढंच जड.

याचा वावरात उपयोग आहे. मोठ्या माणसाला सोबत घेऊन विहिरीत खडा सोडा आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. १ सेकंद म्हणजे पाणी साधारण ५ मीटरवर, २ सेकंद म्हणजे २० मीटरवर. दहा नाही, वीस, कारण खड्याचा वेग वाढत जातो.

१४. मग मोठी गार जास्त जोरानं काहून लागते? ती तर हलक्या गारीसोबतच पडायला पाहिजे.

सातवीतल्या एका मुलीनं गारपिटीनं हरभरा झोपल्यावर हे विचारलं आणि मी दोन मिनिटं गप्पच. प्र. १३ चा नियम हवा नसताना. गार ढगातून येते, लांबून, तेवढ्यात हवेचा अडथळा वाढत वाढत तिच्या वजनाइतका होतो आणि मग वेग वाढायचा थांबतो. गार दुप्पट रुंद असेल तर हवेला भिडणारं अंग चौपट पण वजन आठपट, म्हणून मोठीला त्या बरोबरीला यायला जास्त वेग लागतो. खळ्यात उपणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसा उडून जातो, तेही हेच.

१५. बैल बंडीला ओढतो तेवढ्याच बलानं बंडी बैलाला मागं ओढते म्हणता, मग बंडी हलते कशी?

भारी प्रश्न. तिसरा नियम बरोबर आहे, दोन्ही बलं सारखी आणि उलट. पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून एकमेकांत वजा करायची नाहीत. तुम्ही माझ्या उधारीतून शेजाऱ्याची जमा कापता काय?

आधी फक्त बंडी पाहा. तिला जू पुढं ओढते, चाकाचं घर्षण मागं. पुढचं जास्त झालं की बंडी हलली. आता फक्त बैल पाहा. बंडी त्याला मागं ओढते, पण तो खुरांनी जमीन मागं रेटतो आणि जमीन त्याला पुढं ढकलते (प्र. ११), ती ढकल जास्त असली की बैलही पुढं. म्हणजे खरी चावी खुराखाली आहे. चिखलात खूर घसरायला लागले की बैलात कितीही दम असो, बंडी तिथंच. मग आपण चाकाखाली गोटे टाकतो, पऱ्हाट्या टाकतो, सगळी धडपड रुतणं कमी करायची अन् पकड वाढवायची.

१६. गोफण गरगर फिरवून सोडली तर गोटा गोल फिरतच जाईल का?

नाही, सुटताना ज्या दिशेला चालला होता त्या दिशेनं सरळ, आणि सोबत पृथ्वी खाली ओढते म्हणून वाकत खाली. गोल तो फक्त दोरीच्या ओढीमुळं फिरत होता. ज्वारी राखणाऱ्या माणसाला हे न शिकता माहीत असते, गोटा पाखराच्या समोर यायच्या पाव फेरा आधीच तो गोफणीचं टोक सोडतो.

१७. लोणारचं सरोवर दगड पडून झालं म्हणतात. दगडानं एवढा खड्डा कसा होते?

वेगामुळं. तोंडावरच्या बाजूला साधारण १.८ किलोमीटर रुंद असा तो खड्डा काळ्या बेसाल्ट खडकात आहे, आणि पाडणारी उल्का त्यापेक्षा कितीतरी लहान. पण अंतराळातून येणारी मोठी उल्का सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याच्याही वर वेगानं येते, बंदुकीच्या गोळीच्या दहापटीहून जास्त. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, दहापट झाला तर शंभरपट. हातानं ठेवलेला गोटा आणि गोफणीतून सुटलेला गोटा, वस्तुमान एकच, पण डोक्यावर कोणता चालेल ते तुम्हीच सांगा.

१८. अंतराळवीर तरंगतात म्हणजे तिथं गुरुत्वाकर्षण नाही ना?

आहे. स्पेस स्टेशन फक्त ४०० किलोमीटर वर आहे आणि तिथं पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ९० टक्के असते. ते तरंगतात कारण स्टेशन आणि माणसं सोबतच पडत असतात, पण आडवा वेग एवढा की पडता पडता पृथ्वीची गोलाई निसटत जाते आणि दीड तासात एक चक्कर होते. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, अंग हलकं वाटते, तेच त्यांना सतत.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो की मग त्यांचं वजन कसं करतात. काट्यावर उभं राहिलं तर काटाही सोबतच पडतोय, तो शून्यच दाखवणार. म्हणून त्यांना स्प्रिंगला जोडलेल्या दांड्यावर धरून वर-खाली झुलवतात आणि एका झोक्याला किती वेळ लागला ते मोजतात, वस्तुमान जितकं जास्त तितका झोका हळू.